तानूबाईपुढे जोडलेले हात

बाई, रविवारी तुमच्या शोकसभेतून मी मध्येच उठून बाहेर पडलो. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. कुणी म्हणाले, रावसाहेबांना गहिवरून आले. कुणी म्हणाले, वय झाले, आता फार वेळ बसवत नाही. मला गहिवरून आले नव्हते आणि मला चांगले बसवत होते. मी संतापून उठलो. तो संताप अजून उतरलेला नाही, आणि उतरण्याआधी मला हे लिहून पुरे करायचे आहे. कारण तो उतरला की मी रडेन, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्याचे म्हणणे कुणी खरे धरत नाही.

व्यासपीठावर तुमचा तो डोक्यावर पदर घेतलेला फोटो ठेवला होता, जो तुम्हाला कधीच आवडला नाही. त्याच्याकडे हात करून एकेक वक्ता सांगत होता की बाई शांत होत्या, बाई सोशिक होत्या, बाईंनी कधी आवाज चढवला नाही. मी बसल्या जागी स्वतःला विचारत होतो, ही सभा नक्की कुणाची? समितीच्या बैठकीत ज्यांचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला टंकलेखक हात थांबवून कान देत असे, त्या बाई यांना कधी भेटल्याच नाहीत काय? तुमच्या शाळेच्या शिपायाला दोन शब्द बोलायला उभे केले असते तरी त्याने याहून खरे सांगितले असते.

तेही मी सोडून दिले असते. गेलेल्या माणसाला घासून गुळगुळीत करण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण शेवटी आपले अध्यक्ष उठले. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या लोकांची मदत आणि सुरक्षितता यांबद्दल सरकारला सल्ला देण्यासाठी नागरिकांची जी समिती नेमली गेली, तिचे ते तेव्हाही अध्यक्ष होते आणि आजही आहेत. तुम्ही सभासद होता. मामलेदारकीतून निवृत्त झालेला मी चिटणीस होतो. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि तानूबाईची गोष्ट सांगितली.

"ट्रक उभे होते," ते म्हणाले. "सगळं गाव चढून बसलं होतं. एक बाई मात्र हट्टाला पेटली होती. कुणाचं ऐकेना. तेव्हा आपल्या बाई पुढं गेल्या. त्यांनी तिच्यापुढं नुसते हात जोडले. आणि ती बाई मुकाट्यानं ट्रकमध्ये जाऊन बसली! ही त्या जोडलेल्या हातांची ताकद होती!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबताच त्यांनी जाहीर केले की येत्या गुरुवारी नव्या शिबिरात, जिथे धरणाच्या दुसऱ्या टप्प्यातली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडली आहेत, तिथे घरांच्या जागांचे वाटप बाईंच्याच पद्धतीने होईल. सगळे गाव मैदानात बसेल, प्रत्येक बाईला सगळ्यांच्या समोर विचारले जाईल, काही झाकपाक राहणार नाही. हीच बाईंना खरी श्रद्धांजली.

मी उठलो तो इथे.

तुम्ही हात जोडले होते, हे खरे आहे. मी पाहिले, अध्यक्षांनी पाहिले, ट्रकच्या ड्रायव्हरांनी पाहिले. पण ते कशासाठी जोडले होते हे फक्त तीन माणसांना माहीत होते. तानूबाई मागेच गेली. तुम्ही गेल्या आठवड्यात गेलात. आता उरलो मी. आणि मी गप्प बसलो तर अध्यक्षांचे खरे ठरेल, आणि त्या खऱ्याच्या जोरावर गुरुवारी कुणीतरी एक बाई मैदानात उभी केली जाईल. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे. ते तिकडे जाहीरपणे बोलले आहेत.

आपले भांडण पहिल्याच जीपप्रवासात लागले होते. गडमुडशिंगीच्या पलीकडच्या माळावर शेड उभ्या केल्या होत्या. डोंगराच्या कुशीतले एक आख्खे गाव तिथे मदतीत मिळणाऱ्या सुकडीच्या पिठावर दिवस काढत होते, आणि पुढच्या माळावर त्यांच्या नव्या गावठाणाची आखणी चालली होती. कुणाला कुठली जागा द्यायची, हा सल्ला आपल्याला द्यायचा होता. मी म्हणालो, चिठ्ठ्या टाकाव्यात. एका कुटुंबाची एक चिठ्ठी, जो आकडा निघेल ती जागा.

त्यामागे माझे कारण होते आणि ते आजही माझ्यापाशी आहे. महसूल खात्यात मी हयात घालवली. गावाला मोकळे सोडले की घरे कशी पडतात, हे मला ठाऊक होते. पाटलाचे घर पाण्याजवळ, भावकी त्याच्याभोवती, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले ते नव्या गावातही वेशीबाहेर. धरणाने एक वेस बुडवली होती. ती माझ्या सहीने पुन्हा उभी राहावी, हे मला मान्य नव्हते. "चिठ्ठीला जात नसते," मी म्हणालो.

"चिठ्ठीला डोळेही नसतात, रावसाहेब," तुम्ही म्हणालात.

रावसाहेब हे तुम्ही मला मानाने कधीच म्हणाला नाहीत. मामलेदाराला लोक जे अदबीने म्हणतात तेच तुम्ही टोचायला वापरत होता. पुढे तुम्ही जे बोललात ते मात्र मी मनातल्या मनात अनेकदा परतून पाहिले आहे. तुमचे म्हणणे, एकट्या बाईचे संरक्षण म्हणजे पोलीस चौकी नव्हे. तिच्या भिंतीला लागून कोण राहते, तिने हाक मारली तर ओ कोण देते, हे तिचे संरक्षण. ती ओ तुम्ही चिठ्ठी टाकून कुठल्या कुठे फेकून देणार, आणि वर आम्ही मदत केली म्हणणार. जीपच्या ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीतून बाहेर पाहिले.

शेडमध्ये गेल्यावर तुम्ही समितीने ठरवून दिलेले प्रश्न बाजूला सारले. कुटुंबप्रमुख कोण, जमीन किती, जनावरे किती, यातले काही न विचारता तुम्ही बायकांना विचारू लागलात, "सकाळी विस्तव कुणाकडून आणता?" त्या गावात काडेपेटी जपून वापरायची रीत होती. चूल विझली की शेजारच्या चुलीतला निखारा आणायचा. पण निखारा वाटेल त्या घरातून आणत नाहीत. ज्या घरात उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जाता येते, त्याच घरातून आणतात. एक म्हातारी तुम्हाला म्हणाली, "इस्तू व्हय? थोरल्या जावंकडनं. आन् तिची चूल इझली की ती माझ्याकडनं. भांडान झालं तरी इस्तवाला न्हाय म्हनायचं न्हाय, असं हाय आमच्यात." त्या एका प्रश्नावरून तुम्ही गावाच्या आळ्या आखल्यात. हा प्रश्न समितीतल्या एकाही पुरुषाला सुचला नसता. मला सुचला नाही. एवढे श्रेय मी तुम्हाला तुमच्या हयातीतही दिले होते, फक्त मोठ्याने नव्हे.

मग आपण बौद्धवस्तीच्या शेडकडे गेलो. तिथली हौसाबाई तुमचा प्रश्न ऐकून हसायलाच लागली. "गावातनं आमाला कोन देतंय इस्तू? आमचा आमाला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् ह्या सायबांची चिट्टी काय म्हनती? मला पाटलाच्या मांडीवर नेऊन बसिवती का?" शेडभर हशा झाला. हसणे ओसरल्यावर ती तुम्हाला म्हणाली, "आमची आळी मोडू नगा. पर वेशीभायेर बी टाकू नगा."

परतताना आपण पुन्हा भांडलो, आणि त्या भांडणातून जे निघाले ते लोक आता एकट्या तुमच्या नावावर मांडतात. आळ्या आखल्या तशाच ठेवायच्या, माणसे शेजाऱ्यांपासून तोडायची नाहीत; पण कुठली आळी गावात कुठे बसेल, हे चिठ्ठीने ठरवायचे. आळी तुमची, चिठ्ठी माझी. विहिरीलगतची जागा हौसाबाईच्या आळीला मिळाली आणि पाटलाची आळी माळाच्या टोकाला गेली, ती माझ्या चिठ्ठीने. हे मी दर बैठकीत सांगत असे आणि तुम्ही दर वेळी म्हणत होता, "सांगून झालं? आता पुढचा विषय."

आळ्या पक्क्या करण्यासाठी एक दिवस गाव मैदानात बसवले. प्रत्येकीने आपला शेजार सगळ्यांच्या समोर सांगायचा, असे ठरले. हे आपण दोघांनी ठरवले, अध्यक्षांनी मान डोलावली. ज्या काळात जागांच्या वाटपात कुणाचे ना कुणाचे हात ओले होत, त्या काळात उघडपणासारखा दुसरा बांध नव्हता. ते मी आजही म्हणेन. तानूबाईची पाळी आली. तरुण विधवा, मूलबाळ नाही. मागे तिचा दीर हाताची घडी घालून उभा होता. तुम्ही विचारलेत, "तुमचा विस्तव कुठून?" ती खाली पाहून म्हणाली, "दिराच्या घरातनं." नकाशावर तिची जागा दिराच्या भिंतीला लावली गेली. पुढचे नाव पुकारले.

ट्रक आले तो दिवस. पावसाळा तोंडावर होता, खालच्या गावची माणसे त्याच शेडमध्ये यायची होती, आणि संध्याकाळपर्यंत शेड मोकळ्या करून द्यायच्या होत्या. ट्रक भरत चालले होते. भांडी, गाठोडी, कोंबड्या, जोतिबाचा टाक फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला एक म्हातारा. आणि तानूबाई आपली मातीची चूल मांडीवर घेऊन शेडच्या दारात बसून राहिली.

"चढ की!" दीर ओरडत होता. "गावाला तमाशा दावतीस व्हय? ऊठ म्हंतो न्हवं!"

ती उठेना. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत माझ्यापाशी आले. "एका बाईसाठी सगळं गाव थांबवायचं का, रावसाहेब? हवालदाराला सांगू?" हवालदार जवळच उभा होता आणि त्याला हे काम नको होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

तुम्ही पुढे झालात. सगळ्यांच्या देखत तिला विचारलेत, "तानूबाई, काय झालं? सांगा तर."  तिने फक्त एकदा दिराकडे पाहिले. त्या नजरेमागून तुमची नजर गेली. तुमचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आहे, बाई. शोकसभेतल्या एकाही माणसाने तो पाहिलेला नाही, म्हणून ते शांत शांत म्हणत बसले होते. तुम्ही वळलात आणि ओरडलात, "सगळे पुरुष ट्रकच्या पलीकडं! सगळे!"

हवालदार हलला. दीर कुरकुरत हलला. अध्यक्षसुद्धा हलले. मी जागचा हललो नाही. चिटणीस यात धरलेला नसावा, अशी माझी समजूत होती.

"रावसाहेब, तुम्हीसुद्धा. तुम्ही पुरुषच आहात ना?"

ड्रायव्हर हसले. ते हसणे मी तुम्हाला कधी माफ केलेले नाही, आता करून काही उपयोग नाही.

ट्रकच्या पलीकडून आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. ती बोलत होती, तुम्ही ऐकत होता. मग तुम्ही उठलात आणि तिच्यापुढे हात जोडलेत. तानूबाईने चूल बाजूला ठेवली, घाईघाईने उठली आणि तुमचे जोडलेले हात धरून खाली ओढले. अध्यक्षांनी हे पाहिले आणि समाधानाने म्हणाले, "झालं. पटवलं बाईंनी."

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा पटवल्याचा काही रंग तुमच्या तोंडावर नव्हता. "तानूबाईची जागा बदला," तुम्ही म्हणालात.

"नकाशा पक्का झालाय, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मग तो कच्चा करा."

"कारण सांगा. कारणाशिवाय कसा बदलणार?"

"कारण सांगणार नाही."

"अहो, असं कसं? उद्या दहाजणी येतील कारण न सांगता!"

"आल्या तर दहा जागा बदला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. कारण न विचारता बदल करणे हे महसूल खात्यात शिकवत नाहीत. तिथे माणूस घडतो तोच मुळी कारण विचारून. मी तुम्हाला तिथेच विचारले, "मला तरी सांगा." तुम्ही नकाराची मान हलवलीत. ट्रकची इंजिने सुरू होती. विहिरीलगत चावडीसाठी एक जागा राखलेली होती. मी म्हणालो, "चावडी दुसरीकडे बांधू. ती जागा तानूबाईला. जबाबदारी माझी."

दीर उसळला. "त्येंच्या आळीला लागून? आमच्या घरची बाई तितं ऱ्हानार?"

हौसाबाई ट्रकमध्ये चढून बसली होती. ती वरूनच म्हणाली, "येऊ दे की. आमच्यात इस्तू मागितला की मिळतोय. फकस्त म्हागारी द्यायला लागंल!" सगळा ट्रक हसला, दिराला मात्र हसू आले नाही. तानूबाई चूल उचलून उठली आणि तुमच्या शेजारी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाऊन बसली. ती ट्रकमध्ये चढली हे अध्यक्षांचे खरे आहे. कधी चढली आणि कशानंतर चढली, हे त्यांनी गाळले.

नव्या गावठाणावरून आपण जीपने परतत होतो. मी म्हणालो, हात जोडून तुम्ही तिला राजी केलेत हे बरे झाले. तुम्ही माझ्यावर अशा वळलात की ड्रायव्हरने वेग कमी केला.

"मी तिला चढ म्हणून हात जोडले नाहीत. मी तिची क्षमा मागितली. ज्याच्यापासून तिला सोडवायचं, त्याच्याच देखत मी तिला विचारलं, कुणाजवळ राहतेस? आणि तिनं जे सांगितलं ते मी खरं मानलं. माझं चुकलं, रावसाहेब. असं विचारायचंच नसतं."

त्यानंतर कुठल्याही शिबिरात तुम्ही कुठल्याही बाईला मैदानात काही विचारले नाही. खोली हवी, दार हवे, दार लावलेले हवे, आत फक्त बायका, आणि आत जे बोलले जाईल त्यातली फक्त मागणी बाहेर येईल, कारण बाहेर येणार नाही. समितीला हे जड गेले, मला जड गेले. पण तुम्ही हटला नाहीत, आणि बाईंची पद्धत म्हणायची तर ही म्हणावी लागेल. ती तुमच्या चांगुलपणातून आलेली नाही. ती तुमच्या चुकीतून आली, आणि ती चूक तुम्ही एका विधवेपुढे हात जोडून कबूल केली होतीत. समितीवर मोठमोठी माणसे मी पाहिली. सल्ला चुकला म्हणून ज्याच्याबद्दल सल्ला दिला त्याच्यापुढे हात जोडणारे दुसरे कुणी मला भेटले नाही.

तानूबाईने तुम्हाला काय सांगितले, हे मी तुम्हाला पुष्कळदा विचारले. राजारामपुरीतल्या तुमच्या घरी चहा पिताना विचारले, ती गेल्यावर विचारले. तुमचे उत्तर एकच. "ते माझं नाही, रावसाहेब. दुसऱ्याचं आहे." मी चिडत असे. ज्याने आपल्या जबाबदारीवर चावडीची जागा देऊन टाकली, त्याला कारण कळू नये, हा कुठला न्याय? तुम्ही पुढ्यात बशी सरकवत होता आणि विषय बदलत होता. त्या दिवशीच्या माझ्या निर्णयाबद्दल तुम्ही मला एकदाच काही म्हणालात: "आज मामलेदारासारखं वागला नाहीत." ते कौतुक होते की टोमणा, हे मी तेव्हा विचारले नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटली.

आपला मूळ वाद मात्र सुटला नाही. मी म्हणत होतो, ज्या शेजाराला तुम्ही संरक्षण म्हणता, तोच तिचा धोका होता. माझ्या चिठ्ठीने कदाचित ती त्याच्यापासून लांब पडली असती. तुम्ही म्हणत होता, "पडली असती तर तो अपघात असता. अपघाताला तुम्ही न्याय म्हणणार?" मी म्हणत होतो, न्याय करणाऱ्याला सगळे दिसते असे धरून चालण्यापेक्षा अपघात बरा. शेवटच्या आजारात मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही उशीवरून मान उचलून हाच विषय काढलात. तुमच्या भाचीने मला डोळ्यांनी खुणावले. मी उठलो. "पळू नका," तुम्ही म्हणालात. "माझा मुद्दा मी सोडलेला नाही." मीही सोडलेला नाही. आता तो दोघांचाही मला एकट्यालाच सांभाळावा लागणार, आणि तुमच्या बाजूने बोलताना मला तुमच्याइतके तिखट बोलता येत नाही.

सोमवारी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा सांगितला, मी दोन्हीला हात लावला नाही. ट्रकच्या दिवशी काय झाले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"समजा, तुम्ही म्हणता तसंच झालं असेल," ते म्हणाले. "तरी बाई आता गेल्या. त्यांची चूक चारचौघांत कशाला उकरायची? लोक त्यांना देवासारखं मानतात."

"ती चूक त्यांनी कमावली आहे. ती तुम्ही काढून घेतलीत तर त्यानंतरचं सगळं शहाणपणही जाईल. गुरुवारी तुम्ही तेच करणार आहात, जे त्यांनी पुन्हा कधी केलं नाही."

"पुरावा काय?"

"मी."

ते हसले. "तुमचं आणि बाईंचं एकाही गोष्टीत पटत नव्हतं, हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे."

"म्हणूनच माझी साक्ष धरा. त्यांची बाजू घेण्यात माझा काय फायदा?"

"शिबिरात बायका केवढ्या, दिवस किती थोडे! एकेकीला खोलीत नेऊन विचारत बसलो तर पावसाळा डोक्यावर येईल, रावसाहेब. तुम्ही घरी आराम करा."

इथवर कालपर्यंत लिहिले होते. आज गुरुवार. मी आराम केला नाही. तुमच्या दोन जुन्या विद्यार्थिनी, दोघीही आता शिक्षिका, यांना घेऊन सकाळच्या एसटीने मी अध्यक्षांच्या आधी नव्या शिबिरात पोचलो. शेडपलीकडे शाळेची एक खोली आहे; तिच्या व्हरांड्यात समितीने आळ्यांचा कच्चा नकाशा टांगला होता. तुमच्या विद्यार्थिनींनी शेडशेडमधून फिरून बायकांना बोलावले. खोली भरली, व्हरांड्यातही बायका पाळी धरून बसल्या. मग त्यांनी दार आतून लावले, आणि मी बाहेर दाराला पाठ लावून उभा राहिलो.

पुरुष जमायला वेळ लागला नाही. "पावणं, आत काय चाललंय?"

"बायका बोलतायत."

"काय बोलाय लागल्यात?"

"मला माहीत नाही."

"मग तुमी हितं कशाला हुबा हाय?"

"तुम्हाला आत जाऊ न देण्यासाठी."

एक जण पुढे झाला. मानेवर टॉवेल, डोळे लाल. "माझी बायको हाय आत. माझ्याबिगार काय ठरवती ती? म्हाताऱ्या, बाजूला हो, न्हायतर उचलून ठिवीन."

"ठेव," मी म्हणालो. "पण एकट्याला झेपणार नाही. आणखी एक जण घे."

मागचे हसले. तो हसला नाही, पण थांबला. मी दाराला पाठ आणखी घट्ट लावली. मैदानात अध्यक्षांच्या माणसांनी लाउडस्पीकर लावला होता, त्यावर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणून पाहत होता. मैदानात बसायला मात्र बायका नव्हत्या.

जीप आली. अध्यक्ष उतरले, मैदान पाहिले, दार पाहिले, मला पाहिले. ते संतापले होते, आणि संतापात त्यांचा आवाज मोठा होत नाही, लहान होतो. "हे समितीचं काम आहे. आत काय चाललंय ते समितीला कळलंच पाहिजे."

"जागा कुठली हवी, ते कळेल. का हवी, ते कळणार नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"बाईंनी. तुम्ही तेव्हा ट्रकच्या पलीकडे होता. मीही होतो."

ते जीपला टेकून उभे राहिले. टॉवेलवाला आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. ऊन चढले, आणि तासाभराने मागे कडी निघाली. तुमची विद्यार्थिनी बाहेर आली. तिने दार पुन्हा ओढून घेतले आणि माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "एक जागा बदलायची आहे. पहिल्या आळीतली सातवी, ती चौथ्या आळीत." तिचे डोळे ओले होते. तिने पुढे काही सांगितले नाही. ती कुणाची जागा होती, हे मला नकाशावरून कळले. का, हे विचारायला माझी जीभ उचलली होती, बाई. हयातभराची सवय आहे. मी ती आवरली.

अध्यक्षांनी जीपच्या बॉनेटवर आपला नकाशा पसरला. मी त्यातला चौकोन दाखवला, आणि त्यांनी पेन्सिल हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. टॉवेलवाला त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला होता.

"कारण?" त्यांनी विचारले.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका."

टॉवेलवाल्याने त्याच चौकोनावर बोट ठेवायला हात पुढे केला. अध्यक्षांनी तो हात पाहिला. त्या हातावरून त्यांची नजर वर त्याच्या तोंडाकडे गेली आणि तिथे थोडा वेळ थांबली. मग त्यांनी तो हात बाजूला केला, पहिल्या आळीतला तो चौकोन खोडला, आणि मान वर न करता मला म्हणाले, "चौथीत कुठं, तेवढं सांगा."